धुराचं जळण

१२ जानेवारी १९८६, पाली

घाटावरचं इंजिनिअरिंग कॉलेज सोडून घरी आलो त्याला महिना झाला. बाबा अजून त्यावर एक शब्द बोललेले नाहीत. शाळेतून येतात, टोपी खुंटीला अडकवतात आणि मी समोर बसलेला असताना आईला विचारतात, "तो जेवला का?" मास्तर माणूस, वर्गभर पोरांवर ओरडतो. माझ्यावर एकदा ओरडला असता तर सुटलो असतो. सांगितलं असतं की सरांनी माझा ड्रॉइंगचा कागद सगळ्यांसमोर उभा फाडला आणि मी त्यांची शाईची दौत त्यांच्याच टेबलावर उपडी केली. माफी लिहून दे म्हणाले. मी ट्रंक भरली.

हे एक कारण. दुसरं कारण शालन. ते फक्त या वहीत.

शालन ही महिपतकाकांची मुलगी. आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला त्यांचं घर. आई नाही, भाऊ नाही, बापलेक दोघंच. दोघंही दत्तारामशेठच्या काजूच्या कारखान्यात जातात. काका भट्टीवर बिया भाजतात, शालन भाजलेल्या बिया फोडणाऱ्या बायकांत बसते. आज मुद्दाम तिकडून गेलो. भट्टीवर पत्र्याचं पिंप फिरत होतं, आतल्या बियांचं तेल पेटलेलं आणि धुराने सगळी शेड भरलेली. हा धूर चुलीच्या धुरासारखा नाही. डोळ्यांत गेला की मिरची चोळल्यासारखं होतं, घशात गेला की दिवसभर खाकरत बसावं. शालन बाहेर येऊन माडाला हात टेकून खोकत होती. मला बघून खोकला आवरला.

"काय रघूदादा, कॉलेजला सुट्टी हाय काय?"

"सुट्टीच म्हण."

"लय मोठी दिसते सुट्टी," म्हणाली, हसली, आणि पुन्हा खोकली.

तिची बोटं नखांपर्यंत काळी आहेत. टरफलातल्या तेलाने सालं निघतात. बायका राखेत हात घोळून बसतात, तरी निघतात.

चारचौघांत ती मला दादा म्हणते. म्हणणारच. दुसरं काय म्हणेल.

१६ जानेवारी

आज शेठच्या कारखान्यावर तमाशा. शेजारच्या आंब्याच्या कलमांच्या बागेचे मालक आले होते. यांच्या धुराने मोहोर काळा पडून गळतो म्हणाले, यंदा पंचायतीत अर्ज करतो म्हणाले. शेठ पान चघळत म्हणाले, "धूर काय मी खिशात घालून घरी नेऊ?"

मी कुंपणाशी उभा होतो. तोंडातून निघून गेलं, "जाळा."

सगळे हसले. गोदाकाकी फोडणाऱ्या बायकांची म्होरकी, तिचं तोंड कोणी धरत नाही. म्हणाली, "मेल्या, जळून उरतो तो धूर. त्येला परत जाळतंस? उद्या मेलेल्याला परत मारशील."

मला राग आला की मी बरा बोलतो. सांगितलं की धूर म्हणजे उरलेलं नाही, न जळलेलं. काळा धूर म्हणजे काजूचं तेलच हवेत उडून जातंय. भट्टीवर झाकण घालून तो नळाने ओढायचा आणि गर सुकवायच्या खोलीखाली जी चूल आहे, तिच्या निखाऱ्यांवर सोडायचा. तो पेटेल. शेठ त्या चुलीला रोज लाकूड घालतात, तिथे धूर घालायचा. बागेचा मोहोर वाचेल, लाकूड वाचेल, आणि (हे बोललो नाही) एक खोकला वाचेल.

"किती लाकूड वाचंल?" शेठनी विचारलं.

"निम्मं."

निम्मं हे मी कुठून आणलं, देव जाणे.

शेठ थुंकून आले. म्हणाले, "पत्रा माझा, अक्कल तुजी. जमलं नाय तर दोनी भंगारात."

महिपतकाका पिंप फिरवत माझ्याकडे बघत होते. मला वाटतं त्यांना अभिमान वाटला. सासरा असा असावा.

२ फेब्रुवारी

रस्त्याच्या कामावरची डांबराची रिकामी पिंपं शेठनी मिळवून दिली. ती दोन्ही बाजूंनी कापून एकाला एक जोडली, तोच नळ. मध्ये एक बाक येतो, तिथे खाली भांडं बसवलं, कारण धूर गार झाला की त्यातलं तेल थेंब होऊन पडणार. भांड्याला तोटी. दुसऱ्या वर्षाला हे नीट शिकवलं होतं आणि मी त्या तासाला जागा होतो.

महिपतकाका रोज काम सुटल्यावर थांबून पिंपं धरतात. फार बोलत नाहीत. आज एवढंच म्हणाले, "शालनची आय याच धुरात गेली. डॉक्टर दमा बोल्ला. दमा कशाचा."

हातोडा जोरात मारत राहिलो.

८ फेब्रुवारी

फजिती. भट्टी पेटवली, झाकण बसवलं आणि धूर नळात जायचा सोडून उलटा शेडमध्ये आला. पहिल्यापेक्षा दुप्पट. बायका पदर तोंडाला लावून बाहेर पळाल्या. गोदाकाकी म्हणाली, "इंजिनेरान आमचा धूर आमालाच परत दिलान. व्याजासकट."

मी पिंपाला लाथ घातली. अंगठा सुजला आहे.

शालन तांब्याभर पाणी घेऊन आली. "पिंपाला काय कळतं, रघूदादा? त्येच्यावर कशाला रागावता."

"कुणावर रागावू मग?"

"कुणावर पण नको. तुमी रागावलात की तुमचे कान हलतात. बायका बघतात आनि हसतात."

घरी येऊन आरशात पाहिलं. खरंच हलतात. पण हे तिने कधी पाहिलं, किती वेळा पाहिलं असेल, की तिला कळलं? अंगठ्याचं दुखणं विसरलो.

१९ फेब्रुवारी

पेटला!

धुराडं बुटकं होतं. ओढ कमी पडत होती. आणखी दोन पिंपं चढवली, वरून तारेने ताणून बांधलं. आज दुपारी काकांनी पिंप फिरवायला घेतलं. धूर झाकणाखाली गोळा झाला, घुटमळला आणि मग कोणी बोलावल्यासारखा नळात शिरला. मी चुलीच्या तोंडाशी पालथा पडून बघत होतो. निखाऱ्यांवर आधी नुसतं काळं आलं. मग एक निळसर जीभ. मग सगळी चूल पिवळ्या ज्वाळेने भरली, आत एक लाकूड नसताना. बाहेर येऊन वर पाहिलं तर धुराड्याच्या टोकाला नुसती हवा थरथरत होती. मागे बाग दिसत होती, स्वच्छ.

बायका कामं टाकून बाहेर आल्या. गोदाकाकीने नाक वर करून हवा हुंगली आणि म्हणाली, "आता माज्या डोळ्याला पाणी येत नाय, मग सुनेच्या नावान रडू कशी?"

शालन धुराड्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. "आय हवी होती बगायला," म्हणाली.

लाकूड निम्म्याहून कमी लागलं. शेठनी पाठीवर थाप मारली, ती अजून हुळहुळते आहे.

२४ फेब्रुवारी

भांड्यात तेल जमतं. काळं, काकवीसारखं. नियम घातला की भट्टी पेटवण्याआधी रोज सकाळी तोटी उघडून भांडं रिकामं करायचं. काकांना दोनदा सांगितलं. ते काम त्यांनी आवडीने घेतलं, कारण तेलाला मागणी आहे. जयगडचे होडीवाले लाकडाला लावतात, आपल्याकडे वाशांना लावतात, वाळवी शिवत नाही. शेठ म्हणाले, त्या चिकट तेलाचं काय करायचं ते महिपतने करावं.

५ मार्च

शालन आठवडाभर कामाला आलेली नाही. शेवटी गोदाकाकीला विचारलं, सहज विचारल्यासारखं.

"घरी ठेवलीन हाय महिपतान. हात साफ नको व्हायला?" म्हणाली, आणि बाकीच्या बायका खाली बघून हसल्या.

म्हणजे काकांनी माझं ऐकलं. मीच त्यांना म्हणालो होतो की इतकी वर्षं जे छातीत आणि हातांत गेलंय ते निघायला विश्रांती हवी. या बायकांना हसू येतं, येऊ दे.

संध्याकाळी नळाची पकड मागायच्या निमित्ताने त्यांच्या घरी गेलो. शालन पडवीत बसून हातांना कोकमतेल चोळत होती. म्हटलं दाखव. तिने दोन्ही हात शाळेतल्या पोरासारखे पुढे केले. बोटांवरचं काळं बरंच गेलंय. नखांच्या मुळाशी गुलाबी कोर आली आहे. इतके सुंदर हात त्या टरफलाखाली होते आणि कोणाला पत्ता नव्हता.

"खोकला?"

"कमी हाय. तुमच्या मशीनचा गुण."

"मग परत येणार ना कामाला?"

"बगू. बाबा काय म्हणतात," म्हणाली आणि मान खाली घालून लाजली.

मला पाहून कोणी आजपर्यंत लाजलेलं नाही. पकड मागायची विसरून आलो.

२६ मार्च, शिमगा

पालखी आज आमच्या वाडीत नाचली. महिपतकाकांकडे एक पाहुणा आहे, भिवा नावाचा, मंडणगडकडचा. मुंबईत गिरणीत होता, संपात गिरणी बंद पडली ती उघडलीच नाही. आता गावी शेती आणि मिळेल ते काम. तिशीचा असेल, अंगाने चिपाड, दहा पावलं चालला की घसा साफ करतो. शिमग्याला असा लांबचा पाहुणा कशाला येतो, कळत नाही. पण माणूस बरा आहे. "मास्तरांचे रघुनाथ ना तुमी? तुमची ती धूर जाळायची मशीन दाखवता?" म्हणाला.

कारखाना बंद होता, तरी कुलूप उघडून दाखवली. नुसतं बघून मान डोलावणारा माणूस नाही. वाकून नळात बघितलं, भांडं कशाला विचारलं. मग म्हणाला, "गिरणीत असाच कापूस उडायचा. नाकात, जेवणाच्या डब्यात. कुणी नळ लावला नाय."

मला त्याच्याविषयी एकदम माया वाटली. सांगत सुटलो. मोहोर कसा वाचला, लाकूड कसं वाचलं. शालनचा खोकला कसा कमी झाला तेही सांगितलं.

त्याने घसा साफ केला. "ते लय बरं केलंत," म्हणाला. "उपकार झाले."

याच्यावर कसले उपकार? मुंबईची माणसं उगाच जड बोलतात.

४ एप्रिल

महिपतकाका आज हात चोळत उभे राहिले. म्हणाले, "रघू, ती तोटी आठ दिस बंद ठेवली तर चालंल?"

रोज सकाळी काढलेलं तेल पातळ असतं म्हणाले, त्यात पाण्याचा अंश असतो. वाशांना लावायचं तर ते घरी कढवावं लागतं, आणि कढवताना घरभर तोच धूर. भांडं गरम नळाला लागून आहे. त्यातच आठ दिवस राहिलं तर आपोआप कढून घट्ट होईल. "पाडवा झाला की घराचे वासे रंगवायचे हायत. पावणे येतील."

मला माहीत आहे की तेल साठू देणं बरं नाही. तोटी त्याचसाठी आहे. पण काकांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि परवा बाबा आणि ते एसटी स्टँडवर बराच वेळ बोलत उभे होते. मला बघून थांबले. पाहुणे कोण, हे मी विचारलं नाही. माझ्या आईबाबांना कोणी पाहुणे म्हणणार असेल तर ते त्याच घरात.

म्हटलं, "ठेवा बंद. भांडं मोठं आहे."

किती मोठं आहे ते उद्या मोजतो.

९ एप्रिल

उद्या शालनचा साखरपुडा. भिवाशी.

गोदाकाकीने सांगितलं, तेही मला कळलेलंच असणार असं धरून. "मास्तर बोल्ले नाय काय घरात? त्येंनीच तर भिवाच्या गावच्या शाळेत चौकशी केलान."

बाबांनी. स्टँडवर.

तसाच त्यांच्या घरी गेलो. शालन तांदूळ निवडत होती. सुपावर ते हात.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमाला काय सांगायचं, रघूदादा? तुमी घरचेच."

"त्या खोकणाऱ्या माणसाशी?"

तिने सूप खाली ठेवलं. तिला राग आलेला मी पहिल्यांदा पाहिला. आवाज चढला नाही. "मी पन खोकतेच ना," म्हणाली.

मग मी जे बोललो ते लिहीत नाही. ती ऐकत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग जाऊन हळूहळू दुसरंच काही आलं. तिला आत्ता कळत होतं. तिला आजवर खरंच काही माहीत नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाली, "मला भाऊ नाय. मला वाटायचं, देवान दिलान."

मी अंगणातली कोंबडी लाथाडत निघून आलो.

१० एप्रिल, पाडवा

दिवसभर सड्यावर, वाडीच्या वरच्या माळावर बसलो. कातळ तापलेला. तिथून खाली त्यांच्या घराची गुढी दिसते. आई दोनदा हाका मारून गेली. कारखान्यात जाणार नाही. नळ, भांडं, तोटी, सगळं गेलं खड्ड्यात. जळा म्हणावं आपापलं.

१२ एप्रिल

आग लागली. काका आणि शालन दोघंही भाजली.

१५ एप्रिल

मी तिथे नव्हतो. गोदाकाकीने सांगितलं ते लिहितो. सांगताना ती एकदाही चेष्टेने बोलली नाही.

शालन सकाळी बायकांना साखर वाटायला आली होती. नवी साडी. प्रत्येकीने तिचे हात हातात घेऊन पाहिले. काकांनी भट्टी पेटवली. थोड्या वेळाने धूर झाकणातून बाहेर यायला लागला. नळातून जाईना. भांडं भरून तेल बाकापर्यंत चढलं होतं आणि वाट बुजली होती. काकांना वाटलं झाकण नीट बसलं नाही. सळई घालून ते उचललं. आत कोंडलेलं सगळं एकदम पेटलं. जोड उखडला आणि पेटतं तेल त्यांच्या खांद्यावर आलं.

शालनने साखरेचं ताट टाकलं आणि बापाच्या अंगावरची आग हातांनी मारायला लागली. काजूचं पेटलेलं तेल हातांनी विझत नाही. ते हाताला चिकटतं. गोदाकाकीने गोणपाट भिजवून टाकेपर्यंत तिने हात काढले नाहीत.

शेठच्या टेंपोतून दोघांना रत्नागिरीला नेलं.

शेठना जाऊन सांगितलं की तोटी बंद ठेवायला मी हो म्हणालो होतो. ते जळक्या पिंपांकडे बघत होते. "नळ तुजा, तेल त्येचं, शेड माजी," म्हणाले. "आता कोन कोनाला विचारतो? घरी जा."

१७ एप्रिल

आज रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात गेलो. एक गोष्ट लिहून टाकतो, कारण ती दुसरीकडे कुठे ठेवता येत नाही. एसटीत खिडकीशी बसलो असताना माझ्या मनात आलं की आता भिवा येणार नाही. असे हात बघून कोणी येत नाही. आणि मला बरं वाटलं. हातखंब्याच्या वळणापासून पुढचा फाटा येईपर्यंत मला बरं वाटत होतं.

महिपतकाका पालथे झोपले आहेत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "माजीच चूक, मीच तोटी बंद ठेवली." मी शालनच्या खाटेशी गेलो. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, उशीवर ठेवलेले. म्हटलं, "काकांनी मला विचारलं होतं. मी हो म्हणालो."

"तुमाला ठाऊक होतं, असं होईल म्हनून?"

"साठू द्यायचं नसतं, एवढं ठाऊक होतं."

"मग हो कशाला बोल्लात?"

काय सांगणार होतो? तुझ्या बापाला खूश करायचं होतं म्हणून? म्हटलं, "काकांनी पहिल्यांदा काही मागितलं."

ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी सगळ्यांस्नी हो बोलता, रघूदादा. पन कोन काय मागतंय ते ऐकत नाय."

नाकावर माशी बसली होती. तिला हाकलता येईना. मी हाकलली.

२२ एप्रिल

भिवा आला आहे. परवाच आला म्हणे, मंडणगडहून तीन गाड्या बदलून. मी दारातच थांबलो. खाटेच्या कडेला बसून तो तिला पेज भरवत होता. चमचा ओठाशी नेण्याआधी फुंकर घालायचा, फुंकर घातली की खोकला यायचा, म्हणून चमचा बाजूला धरून खोकायचा आणि पुन्हा फुंकर. ती हसत होती. "पेज गार होईल अशान," म्हणाली. "तेच तर करतोय," तो म्हणाला.

बाहेर व्हरांड्यात त्याला गाठलं. "हात पाहिलेत तिचे? पट्टीखालचे?"

"पाह्यले. सिस्टरनी दाखवले. बोटं पूर्वीसारखी मिटायची नायत बोलली."

"मग?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न त्याला खरंच कळला नव्हता. "मग काय? पेज मी भरवतोय ना."

मग तोच म्हणाला, "मशीन परत चालू करताय ना?"

"नाही. कधीच नाही."

"करा. तिथं बाकीच्या बायका बसतात अजून. तिचा खोकला खरंच कमी झालेला, मला तुमीच बोल्लात. दवाखान्यात पन बगा, रातभर खोकतोय तो मी." आणि दाखवायला म्हणून हसला, तर खोकलाच आला.

या माणसाचा मला राग यायला हवा होता. कान चाचपून पाहिले. शांत होते.

६ मे

नळ पुन्हा जोडला. शेठ आधी नाही म्हणाले. मग बागवाले परत येऊन गेले आणि गोदाकाकी शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली, "रघूचा नळ नाय तर आमी पन नाय." शेठ म्हणाले, बांध बाबा.

तोटी काढून टाकली आहे. त्या जागी नुसतं भोक. तेल थेंब थेंब बाहेरच्या बादलीत पडतं, कोणाला बंद करताच येणार नाही, मलासुद्धा नाही. काकांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून पिंप मी फिरवतो. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले. ते कोणाला दाखवले नाहीत.

आज संध्याकाळी बाबा शाळेतून परस्पर कारखान्यावर आले. धुराड्याकडे पाहिलं, बादलीत पाहिलं, माझे हात पाहिले. छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग मलाच विचारलं, "जेवलास का?"

"हो."

आम्ही दोघं बरोबर घरी आलो. 

१८ मे

शालनचं लग्न झालं.

काल संध्याकाळी महिपतकाका घरी आले. आईने पाट दिला तरी उभेच राहिले. माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "मास्तर, होमाला भाऊ लागतो. चुलत्यांचा पोरगा हाय, पन ती नको बोलते. रघूदादालाच उभा करा बोलते."

आई माझ्याकडे बघत होती. तिला किती माहीत आहे, मला माहीत नाही. काकांनी मला दुसऱ्यांदा काही मागितलं. या वेळी मी जरा थांबून हो म्हटलं.

मांडव लहान, माणसं थोडी. वर वासे तसेच उघडे, न रंगवलेले. कासाराने चुडा भरायचा प्रयत्न केला, पण तिची बोटं जवळ येत नाहीत आणि कातडी अजून ओली आहे. शेवटी हिरव्या बांगड्या दोऱ्यात ओवून तिच्या दंडाला बांधल्या. हलली की त्या वाजायच्या, पण नेहमीच्या जागेवरून नाही. जरा वरून.

कान पिळायची वेळ आली तेव्हा भिवाने स्वतःच मान वाकवली. गोदाकाकी ओरडली, "जोरात रे मेल्या, परत असा घावायचा नाय." मी पिळला. अगदी हलकेच.

मग होम. भावाने बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या आणि तिने त्या अग्नीत सोडायच्या. भटजी म्हणाले ओंजळ करा. तिने दोन्ही हात पुढे केले. पडवीत केले होते तसेच, शाळेतल्या पोरासारखे. बोटं वाकडी राहिली आहेत, मध्ये फटी. नखांच्या गुलाबी कोरी कुठेच नव्हत्या. मी लाह्या घातल्या आणि त्या फटींतून खाली मातीत पडल्या. पुन्हा घातल्या, पुन्हा पडल्या. भटजी मंत्र म्हणायचे थांबले.

लाह्यांचं सूप मी भिवाच्या हातात दिलं. माझे हात तिच्या हातांखाली नेले आणि ओंजळ केली. माझ्या तळव्याला तिच्या हातांची पाठ लागली, खरखरीत, गरम. आज पहिल्यांदाच लागली. भिवाने वरून लाह्या ओतल्या.

होमाचा धूर तिच्या तोंडावर येत होता. ती डोळे मिटून म्हणाली, "घट्ट धरा, रघूदादा. सांडतील."

मी धरून राहिलो.